विहिरीचा उपवास

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी बाबांनी विहिरीतून पाणी काढलं, तोंडात घेतलं आणि थुंकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं. मग तांब्या माझ्या हातात दिला आणि ते कठड्यावर बसले.

मी घोट घेतला. मला काही कळलं नाही. पाणी रोजचंच वाटलं आणि तसं मी बोललेही. पलीकडच्या वाफ्यातून आत्या आली, तिनं तांब्या ओढून घेतला, जिभेच्या टोकानं चाखलं आणि उरलेलं पाणी आळूच्या मुळाशी न टाकता रस्त्यावर फेकलं. तेवढ्यावरून मला कळलं.

"काल संध्याकाळी चहा नासला तेव्हाच समजायला हवं होतं," ती म्हणाली. "मी उगाच दूधवाल्याला शिव्या घातल्या."

"मीठ आलं," बाबा म्हणाले. ते शिव्यांबद्दल बोलत नव्हते.

आमची वाडी गोराईला. वाडी म्हणजे फार काही नाही, अर्धा एकर वाळूची जमीन, त्यात वाफे, कडेला नारळ. त्याला लागून तेवढीच आत्याची. मधोमध विहीर, दोघांची. आजोबांनी मुलगा आणि मुलगी दोघांना जमीन वाटून दिली, पण विहीर वाटता येत नाही म्हणून ती मध्ये ठेवली. समुद्र एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या या पट्टीत जमिनीखाली गोडं पाणी. लहानपणी मला त्याचं आश्चर्य वाटत नसे. पाणी विहिरीत असायचंच.

आई मी शाळेत असताना गेली. बाबांनी मला शिकवलं. मी बोरिवलीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि रोज सकाळी तरीनं, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीनं, खाडी ओलांडून जाऊ लागले. ओहोटीला ती काठापर्यंत येत नसे, चप्पल हातात घेऊन चिखलातून चालावं लागे. भरतीला पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवर चढलेलं असे. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळांचा एक छापील कागद मी कायम पर्समध्ये ठेवत असे. हे मुद्दाम सांगते आहे. तो कागद माझ्याजवळ होता.

बाबा पाणी झाऱ्यांनी घालत. तेलाच्या डब्यांपासून केलेल्या दोन झाऱ्या, एकेका हातात एक, विहिरीपासून वाफ्यापर्यंत आणि परत. पालक, मुळा, लाल माठ, कोथिंबीर आणि एका कोपऱ्यात मोगरा. पाणी रोपाच्या बुडाशी, पानावर नाही. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे विहिरीचं पाणी चाखणं. चहाच्याही आधी. चर्चमध्ये भाकर जिभेवर घेताना ते डोळे मिटत, तसेच पाणी चाखतानाही मिटत. मला लहानपणी त्याचं हसू येई.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे उपवास. अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. आदल्या दिवसापासून पुढचे दोन दिवस, असे चार दिवस, विहिरीतून घरात प्यायला लागेल तेवढंच पाणी काढायचं. वाफ्यांना नाही. त्याला बाबा आणि आत्या 'विहिरीचा उपवास' म्हणत. उपवास लागण्याच्या आदल्या दिवशी वाफे भिजवून त्यांवर वाळलेलं गवत अंथरायचं म्हणजे ओल टिकते. महिन्यातून आठ दिवस असे जात. का, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय धरते तसं. साय हळू काढायची. आणि दूध उतू जात असताना तर हातच लावायचा नाही."

मला ते उत्तर गोड वाटलं. खरं आहे असं वाटलं नाही. उपवास हा शब्द ऐकल्यावर मी तो धर्माच्या खणात ठेवून दिला. आमच्याकडे शुक्रवारी मटण खात नाहीत, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, लग्नं होत नाहीत, तसंच हेही असेल.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला. ख्रिसमसला विहिरीत जेवढं पाणी असतं तेवढं दिवाळीलाच दिसू लागलं. त्याच सुमारास आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, घरी आला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, दोन मुलांचा बाप. कांदिवलीच्या कारखान्यात होता, तो कारखाना बंद पडला. महिनाभर तो गेटवर बसून आला, मग एके दिवशी रॉकेलवर चालणारं पाणी खेचायचं इंजिन तरीत घालून घेऊन आला.

"मामा, आता झाऱ्या ठेवा म्युझियमला," तो बाबांना म्हणाला.

"मेल्या, आधी ते सुरू करून दाखव," आत्या म्हणाली. "मघापासून नुसतं खोकतंय."

सुरू झालं तेव्हा गावातले लोक बघायला आले. तासाभरात दोन्ही वाड्या भिजल्या. बाबांनी पाहिलं, हात मागे बांधून. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. पण पाणी कमी आणि इंजिन जोरदार, त्यामुळे भांडणं सुरू झाली. आज पाळी कोणाची? उपवासात चार दिवस गेले, ते कोणाच्या पाळीतून गेले? तिथी मागेपुढे झाली की दोघांचे हिशेब जुळत नसत. भाऊबहीण साठीच्या पुढची, आणि वाफ्याच्या दोन बाजूंना उभी राहून ओरडत.

"तू काल घेतलंस!"

"काल उपवास होता, काल कुठं घेतलं? डोळे तपासून घे!"

"माझे डोळे ठीक आहेत, तुझी जीभ तपासून घे."

एका संध्याकाळी आत्यानंच माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शिकलेली आहे ना? पुस्तकांच्या घरात बसते ना दिवसभर? तिला सांग निवाडा करायला."

मला आनंद झाला. हे कबूल करायला वेळ लागला, पण झाला. इतकी वर्षं मी त्या वाडीत राहत होते, पण तिच्या कामाची नव्हते. झारी उचलली की माझी पाठ धरायची. आता पहिल्यांदा माझ्याजवळ असं काही होतं जे त्यांच्याजवळ नव्हतं.

ग्रंथालयात शेतीचं एक कपाट होतं, क्वचित उघडलं जाणारं. त्यात सिंचनाच्या पाण्याच्या नियोजनावर एक पुस्तिका सापडली. कोरडवाहू भागासाठी लिहिलेली, चांगली, स्वच्छ मराठीत. पाणी उन्हात घालू नये. पाटाऐवजी नळी वापरावी. कालव्याच्या गावांत पाण्याची पाळी वारानुसार ठरवतात, म्हणजे प्रत्येकाला आपला वार आणि आपला तास पाठ असतो, वाद होत नाहीत. मी उतरवून घेतलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

मी ड्रॉइंगच्या कागदावर तक्ता केला. पट्टीनं रेघा आखल्या, दोन रंगांची शाई वापरली. सोमवार, बुधवार, शुक्रवार बाबांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार आत्याचे. रोज एक तास इंजिन, तेही ऊन उतरल्यावर. रविवारी विहिरीला विश्रांती.

बाबांनी तक्ता बराच वेळ पाहिला. त्यांना वाचता येत असे, पण अक्षरांवरून बोट फिरवत.

"आणि उधाण?" त्यांनी विचारलं.

मी तयार होते. "बाबा, इंजिन एक तास चालतं. मग विहीर तेवीस तास मोकळीच आहे. शिवाय आठवड्याला एक अख्खा दिवस. महिन्याचे चार उपवास झालेच की. आणि तेही देवाच्या वारी."

हे शेवटचं वाक्य मला सुचलं तेव्हा फार आवडलं होतं. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विश्रांती. आमच्या घरात याला कोण नाही म्हणणार? आत्यानं तर छातीवर क्रूस केला. "बघ," ती बाबांना म्हणाली, "आपण खुळे, अमावास्या मोजत बसलो. आपण काय भटजी आहोत?"

बाबा हसले नाहीत. "तू हे वाचलंयस ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग ठीक."

त्यांनी स्वतःच्या हातानं तक्ता इंजिनाच्या शेडमध्ये लावला, चार खिळे मारून, वाकडा होऊ नये म्हणून आधी दोरा धरून.

दीड महिना तो चालला. भांडणं थांबली. नळ्या टाकल्यामुळे पाणी खरोखर कमी लागू लागलं, आणि मुळे अंगठ्याएवढे राहायचे ते मनगटाएवढे झाले. आत्या बोरिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसे, ती गिऱ्हाइकांना सांगे, "आमच्याकडं टायमटेबलचा मुळा आहे." शेजारच्या वाडीवाल्यांनी तक्ता पाहून तसाच करून मागितला. मी दोघांना करून दिला. बाबा रोज सकाळी पाणी चाखत, आणि एकदा मी पाहिलं, चाखून झाल्यावर ते शेडमध्ये जाऊन तक्त्यासमोर नुसते उभे होते.

मग ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला. ईस्टरसाठी वेदीला मोगरा लागतो, घरोघरी भाजी लागते. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, इंजिन लावणं शक्यच नव्हतं. भाऊ म्हणाला, "ताई, शुक्रवार गेला तर मामांचं नुकसान. आणि फुलं तर मला हवीत शनिवारला. तुझ्या कागदात काही होतं का बघ ना."

मी कागदात केलं. पेन्सिलीनं शुक्रवार खोडला आणि बुधवारी एकाच्या जागी दोन तास लिहिले. गुरुवारी फुलांसाठी दोन. शनिवारीही एक जास्त, आणि आत्याचे हे जादा दोन तास पुढच्या आठवड्यातून वजा केले. बेरीज जुळली. मला बेरीज जुळली की समाधान होतं.

ईस्टर कधी येतो हे मला ठाऊक होतं. आमच्यातल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं: पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे पवित्र आठवडा हा दरवर्षी, न चुकता, उधाणाचा आठवडा. ही गोष्ट मला शाळेत पाठ होती. पण वहीच्या एका पानावरचं दुसऱ्या पानावर कधी गेलं नाही.

बुधवारी सकाळी मी तरीसाठी धक्क्यावर आले तेव्हा पाणी सगळ्यात वरच्या पायरीवर होतं. साडी वर धरून मी उतरले. तरवाला म्हणाला, "आज भरलंय बघा." मी मनात म्हटलं, उधाण आहे. आणि मग घड्याळ पाहिलं, कारण उशीर झाला होता. त्या संध्याकाळी इंजिन दोन तास चालू होतं. मी घरी पोचले तेव्हा त्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. बाबा शेडच्या बाहेर उभे होते, हात मागे बांधून.

मंगळवारी पाण्याला मीठ आलं.

भाऊला वाटलं, उपसून काढू. "खारट आहे ते वरचं. सगळं फेकलं की खालून गोडं येईल. टाकी धुतो तसं."

"नको," बाबा म्हणाले.

"मामा, मग काय करायचं? बघत बसायचं?"

बाबा पुन्हा नको म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना मी काही बोलावं असं हवं होतं. दोन दिवस इंजिन चाललं. पाणी रस्त्यावरून वाहत गेलं. शेवटी जे आलं ते मलासुद्धा कळलं.

आठवड्यात पालकाच्या पानांच्या कडा करपल्या, निखाऱ्याजवळ धरल्यासारख्या. मग माठ. मोगऱ्याच्या कळ्या उमलल्याच नाहीत, बोटानं धरल्या की गळत. आत्यानं कुठून तरी ऐकून विहिरीत तुरटी टाकली. भाऊनं चुन्याची पोती टाकली. मी एका सरकारी कचेरीत बाटलीभर पाणी घेऊन गेले. तिथल्या माणसानं बाटलीवर चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलं, मग चिठ्ठी लावून नेली. तीन आठवड्यांनी एक टंकलिखित कागद आला. सिंचनास अयोग्य. बाबांनी तो अक्षरांवरून बोट फिरवत वाचला आणि मला परत दिला.

मी पुन्हा ते कपाट उघडलं. पुस्तिका होती त्याच्या खालच्या फळीवर किनारपट्टीच्या जमिनींवर एक जाड पुस्तक होतं, इंग्रजी, पानं न कापलेली. पट्टीनं पानं सोडवत मी उभ्यानंच वाचलं. एक चित्र होतं: खाली खारं पाणी, वर गोड्या पाण्याचा पातळ थर, मध्ये विहीर. जोरानं उपसलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. भरतीच्या वेळी अधिक लवकर. उपाय एवढाच की उपसा बंद ठेवावा आणि पावसाळ्यांची वाट पाहावी. किती पावसाळ्यांची, ते लिहिलं नव्हतं.

चित्रात साय नव्हती, एवढाच फरक.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. उधाण म्हणालो."

"एकदाच म्हणालात. ठासून सांगायचं होतं."

त्यांनी घास संपवला. "तू लिहून आणलं होतंस," ते म्हणाले. "मी तुला शिकायला पाठवलं, ते काय उगाच? लिहिलेल्यापुढं मी काय बोलायचं?"

यात राग नव्हता. राग असता तर मी काही उत्तर दिलं असतं. मी ताट उचललं, घासलं, पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या त्या दोन वाड्यांत जाऊन त्यांचे तक्ते काढून आणले. एकानं विचारलं, "का गं? चांगला चाललाय की." मी कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण तो विश्वास ठेवायला तयार नव्हता. म्हणाला, कागदावर तर असं काही लिहिलेलं नाही. त्याला उधाणाचे दिवस पटवून द्यायला मला तीन वेळा जावं लागलं.

पावसाळा आला, विहीर भरली. ऑगस्टमध्ये पाणी जवळजवळ गोडं होतं. बाबा चाखून म्हणत, "अजून नाही." आम्ही थेंबभर उपसलं नाही. गणपतीनंतर पाणी उतरू लागलं तसं मीठ पुन्हा वर आलं. पुढच्या वर्षीही तेच. भाऊनं इंजिन विकलं आणि गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारायच्या कामाला लागला. तिथं तो प्लायवूडच्या विहिरी करतो, असं आत्या सांगते, आणि तिला स्वतःलाच त्याचं हसू येतं. माझ्याशी ती पहिले सहा महिने फार गोड बोलायची. मग एकदा तरीतून उतरताना माझ्या हातातली पुस्तकं पाहून म्हणाली, "आणलास का नवा कागद? ह्या कागदाला तहान लागत नाही, बाय, आपल्याला लागते." त्यानंतर आमचं पूर्वीसारखं झालं.

बाबांनी उपवास सोडला नाही. वाफ्यांत काही नव्हतं, उपसायचं काही नव्हतं, तरी अमावास्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते विहिरीवर फळी टाकत आणि चार दिवसांनी काढत. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता कशाला?" ते म्हणाले, "तिला कुठं माहीत आहे, आपण घेणार नाही ते?"

गेल्या वर्षी लेंटमध्ये ते आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात जेवण सुटलं, पाण्याचे चमचे तेवढे जात. मी बोरिवलीहून ग्रंथालयातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणत असे, उकळून, गाळून. एका सकाळी त्यांनी विचारलं, "विहीर कशी आहे?" का कोण जाणे, मी म्हणाले, "गोड झाली." आणि चमचा पुढे केला.

त्यांनी तोंडात धरलं, डोळे मिटले. मग गिळलं. "नळाचं," ते म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या, हसले असतील. "आपलं आण."

मी विहिरीवर गेले. त्या दिवशी फळी होती, पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. फळी बाजूला करून तांब्याभर काढलं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, बराच वेळ तसंच धरलं. थुंकायला मी वाटी पुढे केली. वाटीत थुंकून ते म्हणाले, "अजून नाही."

चार दिवसांनी ते गेले. फळी तशीच बाजूला होती. ती मी नंतर परत टाकली.

तक्ता माझ्याजवळ आहे. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी पर्समधल्या कागदावरून वर्षभराच्या उधाणांच्या तारखा लिहिल्या आहेत. रोज सकाळी तरीला जाण्याआधी मी पाणी चाखते. आता मला कळतं.

वाडीत अकरा नारळ आहेत. दोन झाऱ्या आहेत. विहिरीतलं पाणी खारट आहे.